डब्यातला रंग आणि भिंतीवरचा रंग

साडीवर ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली बाई गठ्ठ्यातून कापड निवडते, पण लगेच पैसे देत नाही. साडी आणि कापड घेऊन ती दुकानाच्या पायरीवर येते आणि दोन्ही शेजारी धरून उजेडात निरखते. दुकानदारही हरकत घेत नाही. दिव्याखाली जुळलेले रंग दिवसाच्या उजेडात जुळतीलच असे नाही, हे दोघांनाही अनुभवाने ठाऊक असते. एवढ्याशा कापडासाठी आपण ही काळजी घेतो. मात्र घराला रंग देताना, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरच विकत घेताना, आपण ती विसरतो.

डोंबिवलीला राहणाऱ्या आमच्या एका मित्राची गोष्ट सांगतो. नवीन घर घेतल्यावर त्याने शेडकार्ड पाहून दुधात केशराची काडी फिरवावी तसा फिकट रंग निवडला. रंग देऊन झाल्यावर पाहतो तो खोली चांगलीच केशरी दिसू लागलेली. शिवाय भर दुपारी मुलांना अभ्यासाला दिवा लावावा लागू लागला. रंगाऱ्याने डब्यावरचा क्रमांक दाखवला, दुकानदाराने शेडकार्ड दाखवले. दोन्ही बरोबर होते. आणखी एक शल्य होते. घर घेण्यापूर्वी पाहिलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये अशीच खोली केवढी प्रशस्त, केवढी उजळ वाटली होती! ती खोली आणि ही खोली, दोघींची लांबी-रुंदी मात्र एकच.

यात कोणीच खोटे बोलले नव्हते. मग फसगत झाली ती कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शाळेतले प्रकाशशास्त्र, भूमितीश्रेढी आणि त्रिकोणमिती अशी तिन्ही प्रकरणे उपयोगी पडतात. म्हणून हा विषय घराचा असला तरी वर्गातही नेण्यासारखा आहे.

रंग राहतो कुठे?

रंग डब्यात असतो असे आपण समजतो. खरे तर डब्यात असते रंगद्रव्य. आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी काही तरंगलांबीचा प्रकाश शोषायचा आणि उरलेला परत पाठवायचा, एवढेच काम ते करते. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. भिंतीवर ज्या तरंगलांबी पडल्याच नाहीत, त्या ती परत कुठून पाठवणार? म्हणजे डोळ्यापर्यंत काय पोहोचते हे दोन गोष्टींवर ठरते: दिव्याने काय पाठवले आणि भिंतीने त्यातले काय परत केले.

तिसरी गोष्ट म्हणजे आपला डोळा. दृष्टिपटलावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्या अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. समोर आलेला प्रकाश शेकडो तरंगलांबींचे मिश्रण असला तरी डोळा मेंदूकडे त्याची फक्त तीन बेरजांत नोंद पाठवतो. डोळ्यात अशी तीनच प्रकारची ग्राहक यंत्रणा असावी, असा तर्क थॉमस यंग याने १८०२ सालीच मांडला होता.

बेरीज म्हटली की शिक्षकांना गुणपत्रिका आठवेल. दोन विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज सारखी असू शकते, पण विषयवार गुण अगदी वेगळे. उद्या गणिताला दुप्पट महत्त्व दिले, तर त्याच दोघांच्या बेरजा वेगळ्या येतील. कापडांचेही तसेच होते. साडी आणि ब्लाउजपीस यांत वेगवेगळी रंगद्रव्ये असतात. दुकानातल्या दिव्याखाली त्यांच्या तिन्ही बेरजा योगायोगाने सारख्या येतात, म्हणून ती जुळतात. बाहेरच्या उजेडात वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रमाण बदलते, जणू विषयांचे महत्त्व बदलते, आणि बेरजा फुटतात. पायरीवर येऊन उभी राहणारी बाई नकळत हाच प्रयोग करत असते.

कोणता उजेड?

उजेड उजेडात मोठा फरक असतो. जुना तारेचा पिवळा बल्ब तांबड्या-पिवळ्या प्रकाशात श्रीमंत आणि निळ्या प्रकाशात गरीब असतो. त्याचे रंग-तापमान सुमारे २७०० केल्विन. दुपारच्या सूर्यप्रकाशाचे रंग-तापमान साधारण ५५०० केल्विन धरतात. नुसत्या निळ्या आकाशाकडून येणारा प्रकाश याहून निळसर असतो. बाजारातल्या एलईडी दिव्यांच्या खोक्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असे आकडे छापलेले असतात, ते हेच. एक गंमत लक्षात ठेवावी. आपण ज्याला उबदार प्रकाश म्हणतो त्याचा आकडा लहान आणि थंड प्रकाशाचा आकडा मोठा असतो. कारण हे तापमान दिव्याचे नव्हे, तर त्या रंगाने तळपणाऱ्या एका आदर्श तप्त पदार्थाचे असते. लोखंड तापताना आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते, तोच हा क्रम.

खिडकी कोणत्या दिशेला आहे यावरही खोलीचा प्रकाश ठरतो. आपल्या अक्षांशावर उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर, शांत प्रकाश. पश्चिमेच्या खिडकीतून तिन्हीसांजेचे पिवळे-तांबडे ऊन आत येते. राखाडी भिंत उत्तरेच्या खोलीत निळसर आणि पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी कोमट वाटते, ती यामुळे.

उजेड अगदी कमी झाला की आणखी एक बदल होतो. त्यासाठी घराबाहेर पडून कुंपणावरची फुले पाहावीत. दिवसा लालभडक जास्वंद नजर खेचून घेते आणि निळी गोकर्ण तिच्यापुढे फिकी पडते. अंधार दाटू लागला की जास्वंद काळी पडते, गोकर्ण मात्र दिसत राहते. शंकूपेशींचे काम मंदावून दंडाकार पेशींचे काम सुरू होते आणि या पेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, हे त्याचे कारण. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने या बदलाचे वर्णन १८२५ साली केले. जिथे दिवसभर अंधूकच असते अशा जिन्यात किंवा बोळात तांबडा, तपकिरी रंग अधिकच काळवंडतो, यामागेही थोडाफार हाच हात असतो.

भिंती एकमेकींना रंगवतात

आता मित्राच्या केशरी खोलीकडे येऊ. शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून प्रकाश एकदा परावर्तित होऊन डोळ्यात येतो. खोलीत तसे होत नाही. एका भिंतीवरून निघालेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून छतावर, छतावरून पुन्हा भिंतीवर. दर खेपेला भिंत आपला वाटा शोषून घेते.

समजा, खोलीच्या सर्व पृष्ठभागांवर मिळून सुरुवातीला १ एकक प्रकाश पडला आणि त्यांची परावर्तकता 'प' आहे. पहिल्या परावर्तनानंतर प, दुसऱ्यानंतर प², तिसऱ्यानंतर प³ एवढा प्रकाश पुन्हा भिंतींवर येऊन पडेल. एकूण बेरीज:

१ + प + प² + प³ + … = १ ÷ (१ − प)

ही आपली दहावी-अकरावीची अनंत भूमितीश्रेढी! आता आकडे घालून पाहू. भिंती, छत, फरशी मिळून सरासरी परावर्तकता ०.८ असेल, तर एकूण प्रकाश १ ÷ ०.२ म्हणजे ५ पट. परावर्तकता ०.५ असेल, तर २ पट. ०.२ असेल, तर अवघा सव्वापट. खिडकी तीच, दिवा तोच, विजेचे बिल तेच. पण एका खोलीत दुसरीच्या चौपट उजेड. अर्थात हे आदर्श बंद खोलीचे गणित झाले. खऱ्या खोलीत खिडकीतून प्रकाश निसटतो, कपाटे आणि गाद्या तो गिळतात. म्हणून फरक इतका टोकाचा नसतो, पण त्याची दिशा हीच असते.

आता रंग. मित्राने निवडलेला फिकट केशरी रंग तांबड्या प्रकाशापैकी ८० टक्के आणि निळ्या प्रकाशापैकी ५० टक्के परत पाठवतो असे समजू. शेडकार्डावर तांबड्याचे निळ्याशी प्रमाण झाले ८० : ५०, म्हणजे १.६. दोनदा परावर्तन झाले की ६४ : २५, म्हणजे २.५ पेक्षा जास्त. तीनदा झाले की ५१ : १२.५, म्हणजे चारपट. सगळ्या परावर्तनांची बेरीज केली तर भिंतीकडून निघणारा तांबडा प्रकाश ०.८ ÷ ०.२ = ४ एकके, आणि निळा ०.५ ÷ ०.५ = १ एकक. शेडकार्डावरचे १.६ हे प्रमाण खोलीत ४ पर्यंत जाऊ पाहते. रंगाऱ्याने काही जास्त घातले नव्हते. भिंतींनीच एकमेकींना पुन:पुन्हा रंगवले होते. खोलीचा कोपरा नेहमी मधल्या भिंतीपेक्षा गडद रंगाचा दिसतो. तिथे दोन भिंती जवळ असल्याने ही देवाणघेवाण सर्वांत जास्त होते.

म्हणूनच जाणते रंगारी सांगतात की कार्डावर आवडलेल्या रंगापेक्षा एक-दोन घरे फिकी छटा घ्या. त्यांनी भूमितीश्रेढी मांडलेली नसते, पण तिचे उत्तर त्यांना माहीत असते.

थोडासाच गडद, पण किती महाग!

इथे डोळा आपल्याला आणखी एका बाबतीत चकवतो. काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधला वाटणारा राखाडी रंग निम्मा, म्हणजे ५० टक्के प्रकाश परत पाठवत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे १८ टक्केच पाठवतो. डोळ्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. मंद प्रकाशातले फरक तो वाढवून दाखवतो आणि प्रखर प्रकाशातले दाबून.

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ साली डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाची शून्य ते शंभर अशी श्रेणी निश्चित केली. तिच्यावर ९० वरची छटा सुमारे ७६ टक्के प्रकाश परावर्तित करते आणि ८० वरची सुमारे ५७ टक्के. डोळ्याला ९० आणि ८० यांतला फरक किरकोळ वाटतो. आता हेच आकडे वरच्या सूत्रात घाला. पहिल्या छटेला उत्तर येते सुमारे ४.२ पट, दुसरीला २.३ पट. म्हणजे 'जरासाच' गडद रंग निवडल्याने बंद खोलीतला उजेड जवळजवळ निम्मा होऊ शकतो. भर दुपारी लावावा लागणारा दिवा या 'जराशा'ची किंमत असते. काही कंपन्यांच्या शेडकार्डावर एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परावर्तन मूल्य छापलेले असते. अंधाऱ्या खोलीसाठी रंग निवडताना छटेच्या गोड नावापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

आपल्या आजी-आजोबांनी हा प्रश्न चुन्याने सोडवला होता. कळीचा चुना पाण्यात विझवायचा आणि कुंचल्याने भिंतीला द्यायचा. ओला असताना तो पाणचट दिसतो, खालचे डाग दिसत राहतात. नवखा माणूस घाबरतो. वाळल्यावर मात्र भिंत पांढरीशुभ्र उठते. कणांमधल्या पाण्याची जागा हवेने घेतली की कण आणि त्याभोवतीचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतला फरक वाढतो आणि प्रकाश अधिक विखुरला जातो. पुढे हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि थर घट्ट बसतो. आजच्या रंगांत हेच विखुरण्याचे काम टायटॅनियम डायॉक्साइड करते. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७ आणि त्याला धरून ठेवणाऱ्या चिकट माध्यमाचा सुमारे १.५. फरक इतका मोठा असल्याने पातळ थरही खालची भिंत झाकतो.

चुन्यात चिमूटभर नीळ घालण्याची पद्धतही विचार करण्याजोगी आहे. नीळ पिवळा-तांबडा प्रकाश थोडा शोषते. म्हणजे भिंत परत पाठवते तो प्रकाश एकूण कमीच होतो. तरी पिवळसरपणा गेल्यामुळे ती जास्त पांढरी 'वाटते'. पांढरे असणे आणि पांढरे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

शेजारच्या रंगाचा परिणाम

'वाटणे' या गोष्टीचा पहिला शिस्तशीर अभ्यास एका तक्रारीतून झाला. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध राजेशाही विणकाम कारखान्यात रंगकामाचा प्रमुख झाला. तिथला काळा रंग नीट उठत नाही, अशी तक्रार होती. शेव्रलने काळी लोकर तपासली, तर रंगात काही खोट नव्हती. खोट होती ती शेजारात. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तोच काळा धागा निस्तेज दिसे. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो, हा नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला.

घरात हा नियम रोज दिसतो. तांबूस लाकडी कपाटामागची करडी भिंत हिरवट वाटते. शुभ्र दरवाजाशेजारी मोतिया भिंत मळकट दिसते, तीच भिंत तपकिरी दरवाजाशेजारी स्वच्छ पांढरी वाटते. म्हणून रंगाचा नमुना पाहायचा तो शेडकार्डावरच्या पांढऱ्या चौकटीत नव्हे, तर आपल्या फरशीशेजारी, आपल्या कपाटाशेजारी.

सॅम्पल फ्लॅटमध्ये काय पाहाल?

आता त्या दुसऱ्या शल्याकडे वळू. सॅम्पल फ्लॅटमधली खोली मोठी का वाटली? फिकट रंगाने खोली मोठी दिसते हे आपण ऐकलेले असते. त्यात तथ्य आहे. जर्मनीतल्या माइन्झ येथील मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत छत उजळ असले की खोली जास्त उंच वाटते आणि भिंती उजळ असल्या तरीही उंचीचा अंदाज वाढतो, असे आढळले. फरशीच्या रंगाने मात्र उंचीच्या अंदाजात फरक पडला नाही. शिवाय भिंतभर आरसा लावला तर खोलीची प्रतिमा आरशामागे तितक्याच अंतरावर उभी राहते आणि नजरेला खोली दुप्पट लांब मिळते. त्यावर दिवसाही लावलेले भरपूर दिवे. हे सारे सजावटीच्या कलेचे भाग आहेत आणि आपल्या घरात आपणही ते आनंदाने वापरावेत. पण ज्या खोलीसाठी पंधरा-वीस वर्षे हप्ते भरायचे, तिचा अंदाज यांवर बांधू नये.

तिथे गेल्यावर पहिली विनंती करावी ती दिवे बंद करण्याची. दुसरे काम मोजपट्टीचे. भिंत ते भिंत अंतर मोजावे, पलंगाची लांबी मोजावी, कपाटाची खोली मोजावी. पलंग नेहमीपेक्षा आखूड असेल, तर खोली आपोआप ऐसपैस दिसते. तिसरे, खिडकीचे माप घ्यावे. उष्ण आणि दमट हवामानात राहत्या खोलीच्या उघडणाऱ्या खिडक्या-झडपांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट, हा हिशोब पाचवीचा विद्यार्थीही करील.

कायदाही इथे मोजपट्टीच्या बाजूने उभा आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ या कायद्यात चटई क्षेत्राची, म्हणजे कार्पेट एरियाची, व्याख्या दिलेली आहे. घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रफळ त्यात येते. आतल्या आडभिंतींनी व्यापलेली जागाही त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची मात्र धरत नाहीत. याच कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची असते. पण उजळ रंगाने खोली मोठी 'वाटली' ही काही खोटी माहिती नव्हे. तिथे आपले रक्षण विज्ञानानेच करायचे.

उजेड येतो कोठून? शेजारातून

सॅम्पल फ्लॅटमध्ये एक गोष्ट बहुधा दाखवता येत नाही, ती म्हणजे समोरची इमारत. उपनगरातल्या दाट वस्तीत खालच्या मजल्यांच्या खिडकीतून आकाशाचा तुकडा किती दिसतो, यावर त्या घराचा उजेड ठरतो.

मुंबईत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला होता. १८९६ साली शहरात प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयाची सविस्तर मांडणी केली. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा होता. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करू नये. हा विचित्र आकडा कुठून आला? ६३.५ अंशांच्या स्पर्शक गुणोत्तराची किंमत जवळजवळ २ आहे. म्हणजे समोरची इमारत अंतराच्या दुपटीपेक्षा उंच नको, इतके हे सोपे आहे. दादर-माटुंग्याला ट्रस्टने आखलेल्या उपनगरी वसाहतींत, हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात आजही हिंडून पाहिले, की मोकळ्या जागेचा हा विचार जाणवतो.

समजा, समोर २१ मीटर उंचीची सात मजली इमारत आहे आणि मधले अंतर ६ मीटर. स्पर्शक गुणोत्तर ३.५, म्हणजे कोन सुमारे ७४ अंश. तळमजल्यावरून आकाश दिसते ते त्याच्या वरच्या फटीपुरतेच. अशा घराला उरलेला उजेड पुरवते ती समोरची भिंत. ती काळवंडलेली, २० टक्के परावर्तन करणारी असेल आणि तिला ७० टक्के परावर्तन करणारा फिका रंग दिला, तर तिच्याकडून येणारा उजेड साडेतीन पट होतो. ती भिंत हिरवी असेल, तर तो उजेड हिरवट असतो. आपल्या मित्राच्या खिडकीसमोर गडद विटकरी रंगाची भिंत होती. आधीच तांबूस झालेला उजेड केशरी भिंतींनी आणखी केशरी केला. सारा उलगडा झाला.

वर्गात करून पाहा

१. बुटांचे दोन सारखे खोके घ्या. एकाला आतून पांढरा, दुसऱ्याला काळा कागद लावा. दोन्हींच्या झाकणाला सारख्याच आकाराची खिडकी कापा, आणि बाजूला डोळा लावण्यापुरते भोक पाडा. कोणता खोका मोठा वाटतो, हे मुलांना आधी विचारा आणि मग मोजायला सांगा. मोबाइलवर प्रकाश मोजण्याचे ॲप असेल, तर दोन्हींचे आकडे घेऊन तुलना करता येईल.

२. फिकट केशरी कार्डशीटची घडी घालून तिचा कोन हळूहळू लहान करा. घडीच्या आतला रंग गडद होत जाताना दिसेल. भूमितीश्रेढी शिकवण्यापूर्वी हा प्रयोग केला, तर सूत्राला चेहरा मिळतो.

३. करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या, दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन्ही एकच आहेत हे मुलांना पटणार नाही. तेव्हा उचलून शेजारी धरा.

४. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि वजन यांचा साधा उन्नतांशमापक करा. वर्गाच्या भिंतीच्या पायथ्याशी बसून समोरच्या इमारतीच्या माथ्याचा कोन घ्या. तो ६३.५ अंशांहून लहान आहे की मोठा? मुलांनी हाच कोन आपापल्या घरी मोजून आणला, तर गावाचा किंवा वस्तीचा उजेडाचा नकाशाच तयार होईल.

शाळेला रंग द्यायची वेळ आली, तर या प्रयोगांचा उपयोग लगेच होईल. वर्गाच्या भिंती खालून कंबरेपर्यंत गडद आणि वर फिक्या रंगवण्याची रीत मळ लपवण्यासाठी चांगली आहे. पण निदान छत आणि खिडकीसमोरची भिंत पांढरी ठेवावी. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसतो तो खिडकीच्या थेट प्रकाशात कमी आणि या दोन पृष्ठभागांनी परत पाठवलेल्या प्रकाशात जास्त.

घरासाठी मात्र एवढेच करावे. निवडलेल्या छटेचा लहान डबा आणावा आणि दोन मोठ्या पुठ्ठ्यांना दोन हात द्यावेत. वाळल्यावर ते खोलीच्या कोपऱ्यात एकमेकांना काटकोनात उभे करावेत आणि सकाळी, दुपारी व रात्री आपल्या दिव्याखाली पाहावेत. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या त्या बाईचीच ही पद्धत, फक्त थोडी मोठ्या आकारात.

आमच्या मित्राने यंदा खोलीला पांढऱ्याच्या जवळचा रंग दिला. उजेड वाढला, पण त्याला हवा तितका नाही. मग तो समोरच्या सोसायटीच्या सचिवांना जाऊन भेटला. त्यांच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचे घाटत होते. मागची बाजू कोण पाहतो, म्हणून तिथे उरलेला गडद रंग मारायचा बेत होता. मित्राने त्यांना खिडकीपाशी आणून कागदावर साडेतीन पटीचा हिशोब दाखवला. त्यांनी तो समितीपुढे ठेवायचे कबूल केले आहे. आपल्या इमारतीची मागची भिंत कोणाच्या तरी घराचे अर्धे आकाश असते, ही गोष्ट त्यांच्याही तोपर्यंत लक्षात आली नव्हती.